शेवटचा वाचक निघेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. पण मला शोधायला कुठल्या दारापाशी जाऊ नका. मी लोखंडाचे नाही, पितळेचेही नाही, आणि माझी किल्ली कोणाच्या कमरेला लटकत नाही. मी एका प्रोग्राममधल्या दोनचार ओळींचे कुलूप आहे. मला गंज चढत नाही. थकवा मात्र येतो, आणि तो मला भरपूर आला आहे.

मी कुठे राहते ते आधी सांगते. एक चपटी लोखंडी पेटी डोळ्यांसमोर आणा. तिला पडदा नाही, बटणे नाहीत. पाठीमागे केबलींचा झुबका आणि आत सतत घरघरणारे पंखे. तुम्ही फोनवर बोललात की तुमच्या बोलण्याचे बारीक बारीक तुकडे होतात आणि अशा पेट्यांमधून पुढे जातात. कोणता तुकडा कोणत्या केबलने पाठवायचा हे पेटीच्या अगदी आतल्या गाभ्यात ठरते. जाणकार लोक त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तिथे वाटांचा एक तक्ता असतो: अमुक ठिकाणी जायचे असेल तर अमुक केबल. मी त्या तक्त्याची राखण करते.

तक्त्याला राखण कशाला, असे तुम्ही विचाराल. पेटीत काम करणारे पुष्कळ असतात. त्यांना प्रोसेसर म्हणतात, पण मी त्यांना कामकरीच म्हणते. सगळ्यांना तोच एक तक्ता पाहावा लागतो. सगळ्यांनी मिळून नुसता वाचला तर कोणाचे काही बिघडत नाही. पण कधी एखादी केबल तुटते, कधी नवी जोडली जाते, आणि मग तक्ता बदलावा लागतो. एक जण जुनी ओळ खोडत असताना दुसऱ्याची नजर त्याच ओळीवर असेल, तर त्याला अर्धे जुने आणि अर्धे नवे दिसते. त्याहून वाईट म्हणजे, खोडून झालेली जागा लगेच दुसऱ्या कामाला दिली जाते. तिथे भलतेच काही लिहिले जाते, आणि बिचारा वाचक तेच खरे मानून चालू लागतो. गाभ्यात असा एक चुकीचा शब्द वाचला गेला, की एक ओळ चुकली एवढ्यावर भागत नाही. अख्खी पेटी आडवी होते, म्हणजे बंदच पडते.

म्हणून मला घडवले गेले. ज्याला तक्त्यापाशी जायचे त्याने मला लावायचे, आपले काम करायचे आणि निघताना मला उघडायचे. तोवर बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. इतकी साधी माझी नोकरी.

मला घडवणारे गृहस्थ दोन बोटांनी टाइप करत. पेट्या बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत, चाचणीच्या खोलीत त्यांचे टेबल होते. कोणी घाईने काही बदलू लागले की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "सावकाश. आत कोणीतरी आहे." हे इतक्यांदा म्हणत, की त्यांचे खरे नाव मागे पडले आणि सगळे त्यांना सावकाशरावच म्हणू लागले. त्यांनाही ते आवडत असावे. फोन उचलून तेच नाव सांगताना मी त्यांना ऐकले आहे. मी ऐकते कसे, तर त्या खोलीतले फोन चाचणीच्या पेटीतूनच जात. दुसऱ्याचे बोलणे ऐकू नये हे मला कळते. पण सगळेच माझ्या दारातून जाऊ लागले, तर मी तरी कान कुठे ठेवू?

माझी पहिली वर्षे सुखाची गेली. तेव्हा पेट्यांत कामकरी मोजके होते, गर्दी नव्हती. आमच्या पेट्या शाळांत गेल्या, बँकांत गेल्या, हॉस्पिटलांत गेल्या, आणि कुठेच आडव्या झाल्या नाहीत. खात्याच्या प्रमुख मोठ्या बाई पाहुण्यांना चाचणीच्या खोलीत आणून म्हणत, "आमची पेटी पडत नाही." त्या पेटीकडे हात करत, पण ते कौतुक माझे आहे असे मी समजून घेत असे.

मग दिवस पालटले. नव्या पेट्यांत कामकऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि कुलूप मात्र मी एकटेच. एक आत, बाकी सगळे बाहेर ताटकळत. ज्याला फक्त एक ओळ डोळ्यांखालून घालायची, तोही रांगेत उभा. मी अखंड उघडत होते, मिटत होते, आणि रांग काही सरत नव्हती. आपण कितीही राबलो तरी आपल्यामुळेच सगळे खोळंबले आहे, ही जाणीव फार थकवणारी असते.

त्या खोलीत एक तरुण इंजिनिअर होता. तो खुर्चीतसुद्धा पळत असल्यासारखा बसे, म्हणून त्याला वादळ म्हणत. तो माझ्याबद्दल म्हणाला, "हे कुलूप नाही, सरकारी खिडकी आहे. पुढे या म्हणायलाच कोणी नाही."

सगळे हसले. सावकाशरावही हसले. पण त्याच सुमारास एका हॉस्पिटलाकडून तक्रार आली. रुग्णाने उशाशी असलेले बटण दाबले की नर्सच्या टेबलावर घंटा वाजायची. तिचा निरोप आमच्या पेटीतूनच जाई. गर्दीच्या वेळी ती घंटा उशिरा वाजू लागली होती. हसणे तिथेच थांबले.

सावकाशरावांनी मला काढायचे ठरवले. मित्रांनो, खरे सांगते, मला वाईट वाटले नाही. त्यांची मुलगी तोवर त्याच खोलीत कामाला लागली होती. नवी रीत त्यांनी तिला समजावून सांगितली, तेव्हा मीही ऐकली.

"आपल्या इमारतीच्या जिन्यात सूचना लावतात ना," ते म्हणाले, "समज, कोणीतरी ती हातात घेऊन वाचतंय आणि तुला ती बदलायची आहे. काय करशील?"

"त्यांना म्हणेन, जरा द्या."

"हातातून ओढून घेशील? चांगलं वळण लावलंय तुझ्या आईने."

"बरं, मग तुम्ही काय कराल?"

"नवा कागद लिहून खिळ्याला अडकवेन. आता येणारा नवाच वाचेल. ज्याच्या हातात जुना आहे, त्याला जुना वाचू दे. त्याचं झालं की मग जुना चुरगाळायचा. कुलूप नको, रांग नको."

"आणि त्याला वेळ लागला तर?"

"तर थांबायचं. किती वेळ, ते आपण ठरवायचं नाही. शेवटचा वाचणारा निघेपर्यंत. तोवर जुना कागद जागा अडवतो. अडवू दे."

आता शेवटचा वाचक निघाला हे ओळखायचे कसे? दारावर कोणी मोजायला बसवला की पुन्हा रांग आलीच. म्हणून नियम एकच होता: कागद हातात असताना झोपायचे नाही. कामकरी दुसऱ्या कामाला वळलेला किंवा विसावलेला दिसला, की त्याने कागद खाली ठेवला असे धरायचे. प्रत्येक जण असा एकदा दिसून गेला की जुना कागद मोकळा.

"आत झोपायचं नाही," सावकाशराव सगळ्यांना बजावत.

"हे कोण सांगतंय बघा," वादळ म्हणे. "दुपारी रॅकमागे घोरतं ते कोण?"

ते खरे होते. रॅक म्हणजे पेट्या रचून ठेवायची मांडणी; तिच्या मागून पेट्यांची उबदार हवा येई, आणि जेवणानंतर ते तिथे खुर्ची टाकून डुलकी काढत. ते शांतपणे उत्तर देत, "मी हातात काही धरून झोपत नाही."

नव्या रीतीचे काम बरेचसे झाले, आणि सावकाशराव आजारी पडले. आधी सुट्टी आठवड्याची होती, मग महिन्याची झाली. मग त्यांची मुलगीही येईनाशी झाली. एक दिवस खोलीतले सगळे जण एकदमच कुठेतरी गेले आणि दुपारनंतर परतले, तेव्हा कोणी कोणाशी बोलत नव्हते. रॅकमागची खुर्ची वादळाने पुसली आणि होती तिथेच ठेवली.

काही दिवसांनी मुलगी कामावर आली. सगळ्यांनी आवाज खाली आणले. तिने डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काय राहिलंय ते सांगा."

राहिलेले तिने पूर्ण केले. ज्या ज्या वाचकाच्या वाटेत मी होते, तिथून तिने मला एकेक करून उचलले. मी फक्त तक्ता बदलणाऱ्यांपुरते उरले, कारण दोघांनी एकाच वेळी बदलायला घेतले तर त्यांना आवरायला कोणीतरी लागतेच. हॉस्पिटलाला आणखी एक सोय हवी होती: कोणती वाट कधी बिघडली याची नोंद. वादळाने त्यासाठी एक नवा वाचक, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहिला. तो तक्ता वाचे आणि बिघाड दिसला की टिपून ठेवे. सगळे त्याला कारकून म्हणू लागले.

पेटी हॉस्पिटलात परीक्षेसाठी लागली. घंटा बटण दाबताच वाजू लागली. मी कित्येक वर्षांनी निवांत बसले.

आणि पेटी आडवी झाली.

ती पुन्हा सुरू केली, चालली, आणि परत आडवी झाली. गर्दीच्या सकाळी, वॉर्डात डॉक्टरांची फेरी सुरू असताना. तेवढा वेळ नर्सना बटणांचा भरवसा सोडून खाटांमधून फिरावे लागले. चाचणीच्या खोलीत मात्र तीच पेटी आठवडाभर चालवली तरी ढिम्म हलली नाही.

मोठ्या बाई खोलीत आल्या. त्या उभ्यानेच बोलल्या.

"पडणारी पेटी मी रुग्णांच्या उशाशी ठेवणार नाही. पुढच्या बैठकीपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर जुनं कुलूप परत लावा."

"घंटा पुन्हा उशिरा वाजेल," मुलगी म्हणाली.

"उशिरा वाजेल, पण वाजेल."

"आणि बाबांचं काम?"

"काढून टाकावं लागेल, गं. तुझ्या बाबांनीही हेच सांगितलं असतं."

ते खरे होते. तिच्या वडिलांनी शेवटचे म्हणून जे केले, ते आता बैठकीपर्यंत उरणार की पुसले जाणार, एवढाच प्रश्न होता. आणि मी? मला पुन्हा त्या रांगेपुढे उभे राहायचे होते. मी नको म्हणू शकत नाही. कुलपाला कोणी विचारत नाही.

त्या दिवसांत तिच्या भावाचा फोन आला. तिच्याहून मोठा असल्यामुळे ती त्याला दादा म्हणे.

"आई आता सावरली बघ," दादा सांगत होता. "टीव्ही बघते, शेजारी जाऊन बसते. काल तर माझ्या भाजीला नावं ठेवली. बाबांच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही. मी कपाट आवरून टाकलं. कपडे देऊन टाकले. खोली भाड्याने द्यावी म्हणतोय."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. हो म्हणाली."

"मग ठीक आहे."

मलाही ठीकच वाटले. तो मुलगा वाईट नव्हता. घरातले पडेल ते काम तोच करत होता आणि त्याने विचारलेही होते.

दोनएक दिवसांनी आईचा फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवले. तू?"

"हो. अगं, ह्यांचा तो राखाडी स्वेटर कुठे ठेवलाय? कपाट उघडलं तर रिकामं."

"आई, दादाने आवरलं ना. तुला विचारून."

"विचारलं होतं त्याने. मी हो म्हटलं असेन." पलीकडे भांड्याचा आवाज झाला. "मला वाटलं नव्हतं मला लागेल. इतके दिवस उघडलंही नव्हतं. आज आपलं उघडलं."

"मी बघते, आई. कुठे दिलाय ते विचारते."

"राहू दे. तशी थंडी नाहीये."

फोन ठेवला गेला. मित्रांनो, माझ्या दारातून किती बोलणी गेली त्याला गणती नाही. ओरडणे गेले, रडणे गेले, तासन्‌तास भांडणे गेली. पण ते शेवटचे वाक्य इतके हलके होते, की त्याचे तुकडे पुढे जाताना मला जड झाले.

वादळाने चहा आणून मुलीपुढे ठेवला आणि आपल्या पडद्याकडे वळला.

"मी सगळे वाचक पुन्हा तपासले," तो म्हणाला. "जुना कागद चुरगाळायच्या आधी प्रत्येक कामकरी एकदा तरी विसावलेला दिसतोय. म्हणजे सगळे बाहेर पडलेत. आपली थांबायची रीत बरोबर आहे."

"विसावलेला दिसला. कागद खाली ठेवलेला दिसला का?"

"तो वेगळा कुठे दिसतो? विसावला म्हणजे ठेवलाच. तुझ्या बाबांचाच नियम आहे."

"नियम झोपायचं नाही हा आहे. कोणी झोपलंच तर आपल्याला तो गेल्यासारखाच दिसणार."

वादळाने खुर्ची वळवली.

"वाचता वाचता मध्येच कोण थांबतं?" तिने विचारले. "आत असताना कोणाला काही मागावं लागतं?"

त्याने पडद्यावरचे वाचक एकेक करून सरकवून पाहिले. मग त्याने मान खाली घातली. "माझा कारकून. बिघाड दिसला की टिपायला कोरी मेमरी मागतो."

"आणि नसली तर?"

"नसली तर मिळेपर्यंत वाट बघतो. पण असतेच की."

"इथे असते. इथे आपण दोघं आणि एक फोन. हॉस्पिटलात सकाळी?"

गर्दीच्या सकाळी पेटीत कोरी जागा तोकडी पडे. कारकून जुना कागद हातात धरून उभ्याउभ्या डुलकी घेई. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, हाही विसावला, म्हणजे याचे झाले. कागद चुरगाळला जाई, जागा दुसऱ्याला दिली जाई. मग कारकून जागा होई, जिथे थांबला होता तिथूनच पुढे वाचू लागे, आणि तिथे त्याचे काहीच उरलेले नसे.

त्यांनी चाचणीच्या पेटीची मेमरी मुद्दाम भरून टाकली, केबली उपसून पुन्हा खोचल्या, आणि वाट पाहिली. चहा गार होऊन गेला. मग पंख्यांची घरघर एकदम वाढली आणि पेटी त्यांच्या डोळ्यांदेखत आडवी झाली.

"पेटी पडल्यावर टाळी देणारे आपण दोघंच असू," वादळ म्हणाला. त्याने हात पुढे केला. मुलीने टाळी दिली, मग पाठ फिरवून चष्म्याच्या काचा पुसत राहिली.

दुरुस्ती लहानशी होती. कारकुनाने कोरी मेमरी आत शिरण्याआधीच घ्यायची. मिळाली नाही तर ती नोंद सोडून द्यायची, पण कागद हातात घेऊन वाट बघायची नाही. वादळाने ती स्वतः लिहिली आणि तिला वाचायला दिली. तिने दोनदा वाचली.

बैठकीत मोठ्या बाईंनी एवढेच विचारले, "आणखी कोणी आत झोपणारं नाही ना?"

"एकेक वाचक पाहिला. आत थांबून मागणारं दुसरं कोणी नाही," मुलगी म्हणाली. "आणि यापुढे कोणी आत झोपलं तर चाचणीतच पेटी बोंब मारेल, अशी सोय केलीय."

"हॉस्पिटलाला कळवते," बाई म्हणाल्या. दाराशी जाऊन त्या वळल्या. "कुलूप राहू दे हं बदलणाऱ्यांपुरतं. मला त्याचा आधार वाटतो."

पेटी पुन्हा हॉस्पिटलात लागली. गर्दीच्या सकाळी आल्या आणि गेल्या. बटण दाबले की घंटा वाजते, आणि कोणीतरी चपला वाजवत खाटेकडे येते.

त्यानंतर मुलीने दादाला फोन केला.

"खोली भाड्याने द्यायची नाही. अजून नाही."

"अगं, पण आई हो म्हणालीये."

"म्हणू दे."

"मग कधी द्यायची? काहीतरी तारीख सांग."

"तारीख नसते त्याला, दादा."

"तोवर खोली नुसती अडून राहणार."

"अडू दे."

दादा शेवटी म्हणाला, "स्वेटर ज्यांना दिला त्यांच्याकडे विचारून बघतो." तो मिळाला की नाही, ते माझ्या दारातून गेलेले नाही. म्हणून मी सांगू शकत नाही.

मित्रांनो, जुने कधी काढूच नये, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः जुने आहे, आणि मला बाजूला केले तेव्हा पेटीचे भलेच झाले. नवा कागद जरूर लावा. पण जुना चुरगाळण्याआधी तो अजून कोणाच्या हातात आहे का, तेवढे पाहा. जो गप्प आहे, कामाला लागला आहे, हसतो आहे, त्याचे वाचून झाले असेलच असे नाही. त्याला घाईने विचारू नका. घाईने विचारले तर तो हो म्हणतो.

आता माझ्याकडे दिवसातून थोडेच लोक येतात. एक बदलणारा येतो, मला लावतो, नवा तक्ता अडकवतो, मला उघडून जातो. मग जुना तक्ता एका कोपऱ्यात पडून राहतो. आत्ताही तो तिथे आहे. कोणीतरी अजून वाचत आहे. आम्ही थांबलो आहोत.